शॉर्ट स्केल बासवर फ्लॅटवाउंड तारा: मालवणातले पाच महिने

मे महिन्यात ३० इंची स्केलचा, म्हणजे तारेची वाजती लांबी ३० इंच असलेला, शॉर्ट स्केल बास गिटार घेतला. हाताला इतका सोपा की ३४ इंची लाँग स्केल पुन्हा उचलावासा वाटेना. पण जाड ई तार लोंबायची. तार तीच, सूर तोच, आणि लांबी ३४ वरून ३० वर आली की ताण साधारण २२ टक्क्यांनी उतरतो. त्यात आमच्या ऑर्केस्ट्राच्या गायकाला काळी दोनची पट्टी लागते, ती ई पेक्षा अर्धा सूर खाली, म्हणून सगळ्या तारा आणखी अर्धा सूर खाली. जोरात छेडली की ई तार पडद्यांवर खडखडायची.

त्यावर एका दुकानदाराने लाँग स्केलचा जाड सेट दिला, म्हणाला, कापून लावा. मी कापला. ई तारेचा पूर्ण जाडीचा भाग खुंटीभोवती गुंडाळावा लागला, तारेवरचा बाहेरचा वेढा सैल झाला आणि तार पहिल्याच दिवशी मुकी पडली. कापावीच लागली तर आधी खुंटीपाशी काटकोनात पक्की वाकवा, मग वाकवलेल्या टोकाकडची कापा. त्याहून बरं म्हणजे बॉल एंड (तारेचं गोळीचं टोक) अडकतो तिथपासून नटपर्यंत (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) टेपने अंतर मोजा. माझं अंतर ३१ इंच भरलं. तारेची पूर्ण जाडी नटच्या थोडी पुढे जाऊन संपायला हवी, खुंटीवर फक्त बारीक झालेलं टोक यावं. बॉडीतून तार ओवायची असेल तर लांबी आणखी जास्त लागते.

मग निकेलचा मुलामा असलेल्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेचे वेढे असलेल्या तारा लावल्या. आवाज सुंदर, पण जूनचा पाऊस आणि खारा वारा! पाचव्या आठवड्यात पांढरं फडकं फिरवलं तर त्यावर विटकरी पट्टा उमटला. वेढ्यांच्या खाचांत घाम आणि ओल बसते, ती पुसून निघतच नाही.

जुलैअखेर डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स या फ्लॅटवाउंड तारांचा शॉर्ट स्केल सेट बसवला, मॉडेल ईसीबी८१एस, जाडी इंचाच्या ४५ ते १०० हजारांश. वेढा स्टेनलेस स्टीलच्या चपट्या पट्टीचा, खाच नाही. किंमत आधीच्या सेटच्या जवळजवळ दुप्पट, पण चतुर्थीचे सगळे कार्यक्रम, नवरात्र आणि दोन लग्नं होऊन डिसेंबर आला तरी गंजाचा एक ठिपका नाही. वाजवून झालं की सुक्या सुती कापडाने तारेच्या खालून-वरून पुसतो, एवढंच. ताण जास्त असल्याने ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेरा आवळावा लागला आणि बाराव्या पडद्यावर सूर पुन्हा जुळवून घेतला.

आणि ई तार! काळी दोनला उतरवूनही ती आता ठाम उभी राहते. पहिल्या तालमीला ढोलकीवाले काका थांबून म्हणाले, "आता बरां वाजता!" सुरुवातीचे दोन आठवडे आवाज जरा चकचकीत होता, मग गोल झाला.

स्लॅपसाठी (अंगठ्याने तार आपटून वाजवण्यासाठी) फ्लॅटवाउंड नकोतच, तो कडकडाट त्यांच्यात येत नाही. दांडियासाठी राउंडवाउंडचा एक सेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवलाय, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवतो.