गोंडी गावांचा सहभाग घ्यायचा, तर संकेतस्थळ की साधा फोन?

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात वनहक्कांविषयी किंवा गावविकास आराखड्याविषयी गोंडी भाषक गावांचे म्हणणे डिजिटल माध्यमातून जाणून घेऊ पाहणाऱ्या संस्थेपुढे दोन नमुने आहेत : बार्सिलोना महापालिकेने २०१६ मध्ये सुरू केलेले लोकसहभागाचे संकेतस्थळ ‘डेसिडिम’ आणि २०१० पासून छत्तीसगडमध्ये चाललेले, फोनवर बोलून-ऐकून वापरायचे व्यासपीठ ‘सीजीनेट स्वर’.

डेसिडिम ही मुक्त संगणकप्रणाली असल्याने परवान्याचा खर्च नाही. प्रस्ताव, चर्चा आणि मतदान एकाच जागी होते आणि एखाद्या प्रस्तावाचे पुढे काय झाले हे कोणालाही पाहता येते, ही तिची खरी ताकद आहे. मात्र ती वाचता येणाऱ्यासाठी आहे. मसराम गोंडी लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, स्थान मिळाले असले, तरी बहुसंख्य गोंडी भाषकांना यांपैकी कोणतीही लिपी वाचता येत नाही. त्यामुळे पडद्यावर मराठीच येणार आणि गावाच्या वतीने शाळा शिकलेला एखादा तरुणच बोलणार.

सीजीनेट स्वरमध्ये साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा. यंत्रणेचा फोन परत आला की एक अंक दाबून बोलायचे, दुसरा दाबून इतरांचे ऐकायचे. खर्च चालवणाऱ्यांवर पडतो. उणीव अशी, की लिहिलेली शंभर निवेदने तासाभरात चाळता येतात, तेवढीच ऐकायला दिवस जातो. शिवाय निवेदने इतरांना ऐकवण्याआधी तपासली जातात, त्यामुळे कोणते निवेदन पुढे जाणार हे पडताळणी करणाऱ्यांच्या हाती राहते.

तरीही माझा कौल फोनलाच आहे, पण पडताळणी करणारी माणसे ग्रामसभेने नेमावीत आणि निवेदनांचा पाठपुरावा सर्वांना ऐकू येईल अशी सोय करावी, या अटींवर. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावात ग्रामसभेचे निर्णय मतमोजणीने नव्हे, सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषय उलगडला जातो. अशा गावाला मतदानाचे बटण देणे म्हणजे त्याची रीतच मोडणे. घरातला एकुलता फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो, तेव्हा एक क्रमांक म्हणजे एक व्यक्ती असे धरू नये. सेवा किती वाजता चालू असावी आणि सूचना कोणाच्या आवाजात असाव्यात, हे बचत गटातल्या बायांसोबत बसून, त्यांच्याच हाती फोन देऊन ठरवावे. जिल्ह्यातच भामरागडकडे माडिया ही वेगळी बोली बोलली जाते, तेव्हा धानोऱ्यात ध्वनिमुद्रित केलेल्या सूचना तिथे तशाच न वापरता स्थानिक बोलीत नव्याने ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करावी.