नेटन्यूजवायर: मॅकवर फीड वाचायला एकदम मस्त

मॅकवर फीड रीडर, म्हणजे आवडत्या साइटचे नवे लेख (त्यांचं फीड) एकाच जागी आणून देणारं अ‍ॅप, शोधत असाल तर आधी नेटन्यूजवायर टाकून बघा. २००२ पासूनचं अ‍ॅप आहे, फुकट, ओपन सोर्स, जाहिराती नाहीत. मला सगळ्यात आवडतो तो स्पेसबार, नुसता दाबत राहायचा, लेख खाली सरकतो आणि संपला की पुढचा न वाचलेला आपोआप उघडतो, माउसला हातच लावायला नको. काही साइट फीडमध्ये दोनच ओळी देतात, तिथे रीडर व्ह्यू लावला की बहुतेक वेळा पूर्ण लेख येतो. आयक्लाउडने आयफोनवर सिंक होतं, दुसऱ्या रीडरमधली फीडची जुनी लिस्ट ओपीएमएल फाइलने (अशा लिस्टसाठीचा ठरलेला फाइल प्रकार) आणता येते. विंडोजवर मात्र नाही, आणि नको ते विषय गाळायला यात फिल्टर खरंच यायला पाहिजे, मोठ्या पेपरांचे फीड लावले की ढीग साचतो.