बोदोनी, दिदो की प्लेफेअर: मथळ्यासाठी कोणता घ्यावा?

जाड रेघ कुठल्याही फॉन्टची देखणीच दिसते. दगा देते ती बारीक रेघ. म्हणून मुखपृष्ठासाठी किंवा वेबसाइटच्या मथळ्यासाठी जाड-बारीक फरकाचा फॉन्ट निवडताना मी आधी एकच बघतो: वापरायच्या सगळ्यात लहान मापात त्याची केसासारखी रेघ टिकते का?

हिशेब सोपा आहे. ती रेघ अक्षराच्या मापाच्या १ टक्का धरली, तर १०० पिक्सेलच्या मथळ्यात ती बरोबर १ पिक्सेल भरते. तोच फॉन्ट २० पिक्सेलला आणला की तिला पाव पिक्सेलही मिळत नाही. मग रेघेच्या जागी फिकट धूर उरतो आणि डोळ्यांना नुसते उभे खांब दिसतात.

हे वळण बोरूचं नाही, टाकाचं. बोरूत जाडी येते ती तिरक्या कापामुळे, टोकदार टाकात हाताच्या दाबामुळे. तो दाब छपाईच्या खिळ्यांत उतरला तो अठराव्या शतकात, कागद गुळगुळीत झाला आणि छपाई नेमकी होऊ लागली तेव्हा. पॅरिसला फिर्मँ दिदो (१७८४ च्या सुमारास) आणि इटलीतल्या पार्म्याला जांबात्तिस्ता बोदोनी, दोघांनी तो टोकाला नेला.

त्यांच्या नावाच्या फॉन्टांत दिदो जास्त नाजूक. त्याचे सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकांवरचे आडवे पाय, खांबाला काटकोनात टेकवलेली निव्वळ रेघ, जोडावर जराही गोलाई नाही. फॅशन मासिकांचा हा लाडका. फॉन्टकार जोनाथन हेफ्लरने १९९१ मध्ये हार्पर्स बझार या फॅशन मासिकासाठी दिदो काढला, तेव्हा सात मापांसाठी सात निरनिराळे आराखडे केले, म्हणजे माप बदललं तरी बारीक रेघ बारीकच दिसावी, पण तुटू नये. नुसता एकच आराखडा असलेला दिदो हाती असेल, तर तो मोठ्या मथळ्यापुरताच ठेवा.

बोदोनी जरा भारदस्त, चौकोनी. गोंधळ असा की या नावाखाली बरेच वेगवेगळे फॉन्ट विकले जातात: १९२६ चा बावर बोदोनी धारदार, तर १९९४ चा आयटीसी बोदोनी ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी वेगवेगळा. फुकट हवा असेल तर बोदोनी मोडा घ्या. त्याच्या व्हेरिएबल फाइलमध्ये (एकाच फाइलमध्ये अक्षराचा आकार बदलता येणारी) ६ ते ९६ पॉइंटांपर्यंत रेघेची जाडी मापाप्रमाणे बदलते. ही सोय वगळलेली फाइल उतरवली, तर फायदा गेलाच.

प्लेफेअर डिस्प्ले (२०११, क्लॉस एगर्स सोरेन्सन) हाही फुकट. बास्करव्हिल या जुन्या इंग्रजी फॉन्टच्या वळणाकडे झुकणारा, इंग्रजी छोट्या लिपीतली अक्षरं (a, x) उंच, म्हणून दिदोपेक्षा कमी मापातही तग धरतो. सगळीकडे दिसून दिसून कंटाळा आलाय, हीच काय ती तक्रार. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं छापायची असतील तर मात्र मी मुकाट्याने हाच घेतो. तिथे शाई चहूबाजूंनी पसरते आणि दिदोच्या रेघा गिळून टाकते.

या तिन्हींत देवनागरी नाही. मथळा मराठीत असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन बघा. तोही फुकट आहे. त्यात उभे दांडे लठ्ठ आणि शिरोरेषा अगदी बारीक. पोस्टरवर झकास. माप उतरवलं की सगळ्यात आधी शिरोरेषाच विरते आणि शब्दातली अक्षरं सुटी सुटी होतात.