पत्रातला मजकूर कुणाला सांगायचा? कथेतली आयरनी आणि टेबलावरची आयरनी

जैमिनीय अश्वमेधातली चंद्रहासाची गोष्ट आठवा. प्रधान धृष्टबुद्धी त्याच्या हाती मुलासाठी पत्र देतो: हे आणणाऱ्याला विष द्यावं. चंद्रहास ते जिवापाड जपत नेतो आणि थकून एका बागेत झोपतो. प्रधानाची मुलगी विषया त्याच्यावर भाळते, पत्र वाचते आणि काजळाने एक अक्षर वाढवते. ‘विष’ची ‘विषया’ होते आणि मरायला धाडलेला माणूस बोहल्यावर उभा राहतो. पुढे प्रधान देवळात मारेकरी बसवतो, तर त्यांच्या हातून मरतो त्याचाच मुलगा मदन.

उपरोध, वक्रोक्ती, दैवदुर्विलास असे वेगवेगळे शब्द मराठीत आहेत, पण गेमच्या टेबलाभोवती सगळे सरसकट ‘आयरनी’ म्हणतात. मीही तेच म्हणतो. प्रश्न असा आहे की कथा लिहिणाऱ्या माणसाने टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती बोलत रचायची गोष्ट, चालवायला घेतला, तर ही गोष्ट तिथे कशी आणायची?

कागदावर काम सोपं असतं. लेखकाला मजकूर ठाऊक, वाचकाला ठाऊक, चंद्रहासाला नाही. त्याने पत्र भिजू नये म्हणून डोक्यावर धरून नदी ओलांडली, तर वाचकाच्या पोटात कालवतं. टेबलावर मात्र वाचक आणि चंद्रहास एकाच खुर्चीत बसलेले असतात. चंद्रहासाच्या वतीने निर्णय घेणारा खेळाडूच त्याचा प्रेक्षक असतो. म्हणून गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आधी ठरवायचं ते एवढंच: पत्रातला मजकूर खेळाडूंना सांगायचा की नाही.

लपवण्याचा मार्ग बहुतेकांना आधी सुचतो, कारण लेखक म्हणून रहस्य राखायची सवय लागलेली असते. पण मजकूर फक्त तुम्हालाच माहीत असेल, तर ती आयरनी चाखणारे तुम्ही एकटेच. खेळाडूंच्या वाट्याला येतो तो शेवटचा धक्का. धक्का वाईट नसतो, पण ती वेगळी चीज आहे. शिवाय खेळाडू म्हणजे चंद्रहास नव्हे. सीलबंद पत्र हातात पडलं की दहा मिनिटांत लाख फुटते. फोडू नये म्हणून तुम्ही जादूचं सील लावलंत, तर संशय दुप्पट. आणि समजा सगळं जमलं, शेवटी पत्र उघडलं आणि पात्र मेलं, तर खेळाडू विचारतो, ‘मला कळायला काही वाव होता का?’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती फसवणूक होते. लपवायचंच असेल तर सत्याकडे नेणारे निदान तीन धागे आधीपासून पेरा. दोन हमखास नजरेआड होतात. ‘कॉल ऑफ कथुलू’सारखा (1981) तपासावर उभा असलेला गेम खेळत असाल तर हा मार्ग शोभतो, कारण तिथे खेळाडू खणायलाच बसलेले असतात.

उघड मार्गात तुम्ही सुरुवातीलाच सांगून टाकता: ‘पत्रात तुझ्या मृत्यूचा हुकूम आहे. तुझ्या पात्राला हे माहीत नाही.’ नवख्या गेम मास्टरला वाटतं, झालं, मजा गेली. प्रत्यक्षात उलटं घडतं. खेळाडूच आपल्या पात्राला खड्ड्याकडे नेऊ लागतात, तेही हौसेने. पत्र दातात धरून नदी पोहण्याची कल्पना तुम्हाला मांडावीच लागत नाही, ती समोरून येते. ‘टेन कँडल्स’ (2015) या गेममध्ये तर सगळी पात्रं शेवटी मरणार हे खेळाडूंना पहिल्यापासून ठाऊक असतं. दहा मेणबत्त्या लावून खेळायचं, त्या एकेक करून विझतात. तरी, किंवा म्हणूनच, पात्रांनी उद्याच्या सकाळबद्दल गप्पा मारल्या की टेबल शांत होतं. ‘फियास्को’मध्ये (2009) गेम मास्टरच नाही, बेत फसणार हे गृहीत धरून खेळाडू मिळून तो फसवतात.

उघड मार्गाची खरी अडचण माणसांची आहे. काहींना माहीत असलेलं माहीत नसल्यासारखं खेळवत नाही. पात्र जगवणं, जिंकणं यासाठीच ते बसलेले असतात आणि त्यात गैर काही नाही. असा एकजण टेबलावर असेल तर तो पात्राला अचानक ताप आणेल आणि पत्र दुसऱ्याच्या हाती पाठवेल. म्हणून आधी विचारा. दीर्घ मोहिमेपेक्षा एका बैठकीत संपणाऱ्या खेळात लोक पात्राचा बळी सहज देतात, तेव्हा पहिला प्रयोग तिथेच करावा.

मदनाच्या मृत्यूसारखी, म्हणजे प्रसंगातून उलटणारी आयरनी कथेत लेखक विणतो. टेबलावर ती फाशांवर सोपवायचा मोह होतो. वीस बाजूंच्या फाशावर एक, म्हणजे सपशेल चूक, पडण्याची शक्यता 5 टक्के, तेव्हा राज्यातला सर्वश्रेष्ठ तिरंदाजही अधूनमधून स्वतःच्याच पायावर बाण मारणार. लोक हसतात, पण हा नुसता अपघात. मदनाचा मृत्यू बोचतो कारण मारेकरी बापानेच नेमले होते. उलटणारी गोष्ट पात्राच्या स्वतःच्या निवडीतून यायला हवी. ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये (2017) यासाठी सुरेख सोय आहे: जादा फासा हवा तर आधी एखादी अडचण कबूल करायची, आणि ती फासा काहीही पडला तरी येतेच. हा नियम दुसऱ्या गेममध्येही उचलून वापरता येतो. मी बिनदिक्कत वापरतो.

बोलण्यातल्या उपरोधाबद्दल थोडक्यात. कागदावर ‘वा, काय शहाणपण!’ लिहिलं की संदर्भाने कळतं. टेबलावर ते पात्र बोललं की माणूस, इथेच घोळ होतो, आणि चॅटवर खेळत असाल तर नक्कीच. ‘पॅरानोइया’ (1984) सुरुवातीपासून त्याच सुरात चालतो, आनंदी राहणं सक्तीचं आहे असं त्या खेळातल्या जगावर राज्य करणारा संगणक बजावतो, आणि सगळ्यांना तो सूर कळलेला असतो. इतरत्र प्रत्येक वाक्याला टोमणा जोडणारा खेळाडू दुसऱ्यांच्या गंभीर प्रसंगाची हवा काढतो. त्यापेक्षा आयरनी नसलेली बरी.

माझा कौल उघड मार्गाला, तपासाचे गेम वगळून. पण एक मधली वाटही आहे आणि ती चंद्रहासाच्या गोष्टीतच पडली आहे: मजकूर फक्त विषयेला सांगायचा. एका बैठकीत मी पत्राचा मजकूर चिठ्ठीवर लिहून फक्त विषया खेळणाऱ्या खेळाडूला दिला. बाकीच्यांना पत्र आहे एवढंच माहीत होतं. ती अक्षर वाढवणार याची मला खात्री होती, लग्नाच्या प्रसंगाची तयारीही करून ठेवली होती. तिने चिठ्ठी दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मी घडी घालून परत त्याच्या कमरेला खोचते.’ झोपलेल्या चंद्रहासाचा खेळाडू शेजारी बसून शेंगदाणे खात होता. पुढचे दोन तास टेबलावर सर्वांत घाबरलेला माणूस मी होतो.