मॅटप्लॉटलिब: काही महिने रोज वापरल्यानंतर

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आलेख काढायला मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतली, ती आता रोजच्या कामात आहे. इन्स्टॉल करून पहिली रेघ काढायला वेळ लागत नाही, चार-पाच ओळींत काम होतं. डोकं फिरतं ते पुढे. एकच गोष्ट करायच्या इथे दोन पद्धती आहेत आणि नेटवरच्या तयार कोडमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ असते.

पहिली पद्धत पायप्लॉटची, म्हणजे लायब्ररीच्याच एका भागाची; कोडमध्ये त्याला थोडक्यात ‘पीएलटी’ म्हणतात. ‘पीएलटी.टायटल’ लिहिलं की सध्या जो आलेख चालू असेल त्याला शीर्षक लागतं. हे वळण मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचं. लायब्ररी लिहिणारे जॉन हंटर मेंदूच्या विद्युतलहरींवर काम करत होते, आणि २००३ मध्ये ती बाहेर आली तेव्हा मॅटलॅबवाल्यांना ती ओळखीची वाटेल अशीच होती. एका आलेखापुरतं हे ठीक चालतं. शेजारी दुसरा काढला की ‘चालू’ नेमका कोणता, हे शोधत बसावं लागतं.

दुसऱ्या पद्धतीत पहिलीच ओळ ‘फिग, अ‍ॅक्स = पीएलटी.सबप्लॉट्स()’. फिग म्हणजे अख्खी आकृती, अ‍ॅक्स म्हणजे तिच्यातली एक चौकट. पुढचं सगळं त्या चौकटीला सांगायचं. नावं मात्र थोडी बदलतात: टायटलचं सेट_टायटल, एक्सलेबलचं सेट_एक्सलेबल. हा वैताग आहेच. तरीही नवीन माणसाने पहिल्या दिवसापासून हीच पद्धत धरावी, असं मी ठामपणे म्हणेन.

तारखांचा घोळ जवळपास प्रत्येकाला भेटतो. फाइलमधून आलेली तारीख अक्षरांच्याच रूपात राहिली, तर लायब्ररी प्रत्येक तारखेला स्वतंत्र नाव समजते आणि खालच्या अक्षावर अक्षरांचा काळा पट्टा उमटतो. आकडे अक्षररूपात आले तर त्यांचा क्रमही बिघडतो: १०० च्या वर ९० दिसू शकतं. दोष आलेखात नसतो. तक्ते हाताळणाऱ्या पांडाज या लायब्ररीतलं टू_डेटटाइम (तारखांसाठी) किंवा टू_न्यूमेरिक (आकड्यांसाठी) आधी चालवलं की अक्ष आपोआप सुटसुटीत होतो.

आकाराबद्दल. मुळात आकृती ६.४ बाय ४.८ इंचांची, इंचाला १०० ठिपके (हाच डीपीआय). अक्षरांचं माप पॉइंट या छपाईच्या ठरावीक मापात असल्यामुळे आकृती मोठी केली की तिच्या मानाने अक्षरं बारीक दिसतात. म्हणून फिगसाइझ (आकृतीचं माप) छापायच्या मापाचीच ठेवावी आणि स्पष्टपणा डीपीआय वाढवून मिळवावा. स्क्रिप्टमध्ये सेव्हफिग (आकृती फाइलमध्ये जतन करणं) हे शोच्या (पडद्यावर दाखवण्याच्या) आधी लिहायचं, नाहीतर कोरी प्रतिमा हाती येते. लूपमध्ये आकृत्या काढत असाल तर प्रत्येक वेळी क्लोज करा. पायप्लॉटने उघडलेल्या वीसहून अधिक झाल्या की इशारा येतो.

रंगांबद्दल तक्रार नाही. २०१७ च्या २.० आवृत्तीत आकड्यांना रंग देणारी मूळची जेट ही रंगपट्टी जाऊन विरिडिस आली. त्यात उजळपणा एकसारखा चढत जातो, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या छपाईतही उतरंड कळते.

मराठी लेबलांचा अनुभव मात्र निराशाजनक. मूळ फॉन्ट डेजाव्हू सान्समध्ये देवनागरी नाही, म्हणून नुसते चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी लावला तर अक्षरं येतात, पण मी वापरलेल्या आवृत्त्यांत ती नीट जुळत नाहीत. ‘किंमत’मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. यावर मला चाललेला उपाय म्हणजे एसव्हीजी, ब्राउझरमध्ये उघडणारी चित्राची फाइल. ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ या सेटिंगला ‘नन’ दिलं की मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो व्यवस्थित जुळवतो. पाहणाऱ्याच्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट हवा, एवढंच. पीएनजीच (ठिपक्यांची नेहमीची प्रतिमा) हवी असेल तर ती ब्राउझरमधून काढून घ्यावी लागते. इतक्या जुन्या लायब्ररीत हे द्राविडी प्राणायाम करावे लागणं मला पटत नाही.

माउस नेल्यावर आकडे दाखवणारा आलेख वेबसाठी हवा असेल तर प्लॉटली ही दुसरी लायब्ररी बरी. सीबॉर्न (आलेखांचीच आणखी एक लायब्ररी) आणि पांडाजचे आलेख मात्र मुळात मॅटप्लॉटलिबवरच चालतात. पांडाजच्या प्लॉटला आपली अ‍ॅक्स दिली की तो त्याच चौकटीत काढला जातो, आणि मग शीर्षक, मर्यादा, खुणा सगळं नेहमीच्याच आज्ञांनी बदलता येतं.