गिल्ट फंड: वर्षभरानंतरचा अनुभव (लाभांशाच्या हिशेबासकट)

आधी निकाल सांगतो. दरमहा हातात पैसा हवा असेल तर गिल्ट फंडाच्या, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे घालणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या, वाटेला जाऊ नका. सात-आठ वर्षं हात लावायचा नाही असा पैसा असेल आणि मधली घसरण बघून जीव वरखाली होणार नसेल, तर जरूर घ्या. मी जानेवारी २०२५ मध्ये घेतला आणि तो अजून ठेवलाय. त्याच सुमारास वहिनींनीही त्याच फंडात पैसे घातले. मी डायरेक्ट (मध्ये दलाल नसलेल्या) प्लॅनमधला ग्रोथ घेतला, ज्यात नफा फंडातच राहतो. त्यांनी बँकेतून रेग्युलर (दलालीसकटच्या) प्लॅनमधला मासिक आयडीसीडब्ल्यू घेतला, म्हणजे वेळोवेळी पैसे वाटणारा, एप्रिल २०२१ पर्यंत ज्याला डिव्हिडंड म्हणायचे तो. वहिनी निवृत्त शिक्षिका. त्यांना महिन्याला खर्चापुरतं काहीतरी यावं एवढीच अपेक्षा होती.

गिल्ट फंडाला किमान ८० टक्के पैसा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. सरकार पैसे बुडवेल ही भीती जवळपास नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट (रोख्यांत पैसे घालणाऱ्या) योजना बंद केल्या, त्या कंपन्यांच्या रोख्यांमुळे अडकल्या होत्या. तसला धोका इथे नाही. पण फंडाच्या फॅक्टशीटवर (मासिक माहितीपत्रकावर) 'ए-३' असा शिक्का असतो, तो वाचून घ्या. त्यातला 'ए' म्हणजे बुडीत जाण्याचा धोका कमी, आणि ३ म्हणजे व्याजदराचा धोका सर्वात जास्त. बँकेतल्या माणसाने वहिनींना 'ए' तेवढा समजावला.

पहिले पाच महिने मजेत गेले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) पाव-पाव टक्क्याने उतरवला आणि दहा वर्षांच्या रोख्याचा यील्ड (आजच्या भावाने घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा) ६.८ च्या आसपासून मेअखेर ६.३ च्या खाली आला. यील्ड उतरला की जुन्या रोख्यांचे भाव चढतात, त्यामुळे एनएव्ही (एका युनिटचा भाव) रोज थोडी थोडी वर. एफडीवर वर्षभरात मिळालं असतं त्यातला बराचसा भाग पाच महिन्यांतच जमा झाला.

मग ६ जून उजाडला. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने रेपो एकदम अर्धा टक्का कापून ५.५ वर आणला, सीआरआर (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा ठेवींचा हिस्सा) १ टक्क्याने कमी करायचं जाहीर केलं. बातमी ऐकून मला वाटलं, आता एनएव्ही उसळी मारणार. झालं उलटंच. त्याच पतधोरणात धोरणाचा रोख 'अकोमोडेटिव्ह' (कपातीकडे कल) वरून 'न्यूट्रल' (तटस्थ) केला होता. बाजाराने त्याचा अर्थ लावला की कपात आता संपत आली, आणि लांब मुदतीचे रोखे विकायला काढले, त्यामुळे त्यांचा यील्ड चढला. ऑगस्टमध्ये जीएसटी कपातीची घोषणा झाली, सरकारची उधारी वाढेल अशी धास्ती पसरली, आणि यील्ड आणखी चढला. ३०-४० वर्षांच्या रोख्यांचा यील्ड ७ टक्क्यांच्या वर निघून गेला. आमच्या फंडात नेमके तेच रोखे भरलेले. जानेवारी ते मे जे कमावलं, त्यातलं बरंचसं ऑगस्टअखेर गेलं होतं.

वहिनींचा फोन आला, "भाऊजी, सरकारचेच रोखे ना हे? मग खाली कसे जातात?"

त्यांना जो हिशेब सांगितला तोच इथे मांडतो. फॅक्टशीटमध्ये 'मॉडिफाइड ड्युरेशन' हा आकडा असतो, यील्ड हलला की भाव किती हलेल ते तो सांगतो. तो १० असेल, तर यील्ड अर्धा टक्का चढल्यावर एनएव्ही साधारण ५ टक्के पडते, आणि अर्धा टक्का उतरल्यावर तेवढीच चढते. रोख्यांचं वर्षाचं व्याज पावणेसात-सात टक्के धरलं, तर अर्ध्या टक्क्याच्या एका हेलकाव्यात जवळजवळ नऊ महिन्यांचं व्याज साफ. म्हणून मागचा एक वर्षाचा परतावा बघून हा फंड घेण्यात अर्थ नाही. यील्ड टू मॅच्युरिटी (वायटीएम, म्हणजे रोखे मुदतीपर्यंत ठेवल्यास मिळणारा वार्षिक परतावा) आणि ड्युरेशन हे दोन आकडे बघा. ड्युरेशनएवढी वर्षं थांबलात तर सुरुवातीच्या वायटीएमच्या आसपास, खर्च वजा जाता, हातात पडण्याची शक्यता चांगली असते. अर्थात मॅनेजर मध्येच ड्युरेशन बदलू शकतो, तो अधिकार त्याला आहे.

लाभांशाची गोष्ट याहून गमतीची. एनएव्ही १२ रुपये असताना १० पैसे वाटले, तर दुसऱ्या दिवशी ती ११.९० होते. वरून काही मिळत नाही, आपल्याच खिशातला पैसा दुसऱ्या खिशात जातो. शिवाय वाटण्याजोगी शिल्लक असेल तरच वाटप होतं. मार्च ते मे वहिनींना ठीकठाक रक्कम आली, जूननंतर ती रोडावली आणि ऑगस्टात एक दमडीही आली नाही. नियमात हे बसतं, कारण दरमहा देण्याची हमी फंडाने कुठेच दिलेली नसते. पण 'मासिक' वाचून औषधाच्या दुकानाची उधारी ठेवणाऱ्याने काय करायचं?

कराचंही ऐका. डीडीटी (लाभांश वाटताना फंडाने भरायचा कर) २०२० च्या अर्थसंकल्पात गेला, तेव्हापासून वाटलेली पूर्ण रक्कम आपल्या उत्पन्नात धरली जाते आणि आपल्या स्लॅबने कर लागतो. एका फंडहाउसकडून वर्षात १०,००० च्या वर लाभांश आला की १० टक्के टीडीएस कापला जातो. करपात्र उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांनी टीडीएस कापू नये असा फॉर्म भरून द्यावा. माझ्या ग्रोथमध्ये विकेपर्यंत कर नाही. विकल्यावर मात्र स्लॅबनेच, कारण १ एप्रिल २०२३ नंतरच्या खरेदीला इंडेक्सेशनही (नफ्यातून महागाईएवढी वजावट) नाही आणि दीर्घकालीन नफ्याची सवलतही नाही. थोडे थोडे पैसे हवेच असतील तर ग्रोथमधून एसडब्ल्यूपी (ठरावीक रकमेचे युनिट्स दरमहा आपोआप विकण्याची सोय) लावलेली बरी. त्यात काढलेल्या रकमेतल्या फक्त नफ्यावर कर लागतो.

खर्चाबद्दल एकच सांगतो. आमच्या फंडात रेग्युलर आणि डायरेक्टमधला फरक वर्षाला अर्ध्या टक्क्याहून जास्त आहे. सात टक्क्यांच्या मालावर ही दलाली मला अति वाटते.

डिसेंबरमध्ये रेपो ५.२५ वर आला, तरी दहा वर्षांचा यील्ड जूनच्या सुरुवातीपेक्षा वरच होता. आता रेपोच्या बातमीने मी हुरळून जात नाही. आरबीआय रिटेल डायरेक्ट या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर थेट सरकारी रोखा घेऊन मुदतीपर्यंत ठेवावा का, हाही विचार डोक्यात आहे. तिथे सहामाही व्याज ठरलेलं असतं आणि फंडाचा खर्च वाचतो. पण मुदतीआधी विकायला गेलो तर लहान रकमेला गिऱ्हाईक मिळेलच याची खात्री नाही. फंडातून पैसे मागितले की दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात, ही सोय मला सोडवत नाही.

वहिनींनी दिवाळीनंतर थोडा तोटा सोसून सगळे युनिट्स विकले आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. तेव्हाचा दर ८.२ टक्के, दर तिमाहीला व्याज, ३० लाखांपर्यंत मर्यादा. जानेवारीत पहिलं व्याज खात्यात आलं तेव्हा त्यांनी पासबुकाचा फोटो पाठवला, खाली फक्त "आलं" एवढंच लिहिलेलं.