चिप नसलेली चावी: ठाण्यातल्या चावीवाल्या काकांकडचा अनुभव

ज्यांच्याकडे कॅम्पर व्हॅन आहे, किंवा आमच्यासारखी मारुती ईकोमध्ये मागे प्लायचा बेड टाकून केलेली घरगुती व्हॅन आहे, त्यांनी हे वाचाच. दुकान आहे ठाणे स्टेशनकडून जांभळी नाक्याकडे जाताना एका आतल्या गल्लीत, बोर्ड वगैरे काही नाही, वर पत्र्याची मोठी चावी टांगलेली आहे आणि खाली जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा. तिथले काका गेली कित्येक वर्षं चाव्या बनवतात. पाच पैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली लिहिते.

आधी काय झालं ते सांगते, नाहीतर एका चावीचं एवढं कौतुक कशाला असं वाटेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. ठाण्याहून सकाळी निघालो, कसारा घाट, घोटी करत दुपारी पोचलो, शेंडीच्या पुढे एका शेतकरी दादांच्या आवारात गाडी लावायची परवानगी घेतली होती. मी, नवरा, चार वर्षांचा लेक आणि सासूबाई. रात्री काजवे बघून आलो, अख्खं झाड एकदम लुकलुकतं आणि एकदम विझतं, ते बघून लेक इतका दमला की गाडीत टाकल्या टाकल्या झोपला. नवऱ्याने रिमोटने गाडी उघडली, मागचं सरकतं दार उघडून त्याला आत ठेवलं, चावी तिथेच बेडवर ठेवली आणि आईंना हात द्यायला गेला. तेवढ्यात पावसाची सर आली, पाखरं पण खूप आत येत होती, म्हणून मी दार ओढून घेतलं. बस्स. गाडी लॉक. चावी आत, लेक आत, दोघांचे फोन पण आतच चार्जिंगला, आणि आम्ही तिघं पावसात बाहेर.

आता लॉक झालीच कशी, तर हे मला नंतर काकांनी समजावलं आणि सगळ्यांना कळायला पाहिजे म्हणून लिहितेय. ईकोला कंपनीकडून सेंट्रल लॉक आलं नव्हतं, आम्ही बाहेरून ॲक्सेसरीवाल्याकडून बसवून घेतलेलं (त्या दुकानाचं नाव घेत नाही). या किटमध्ये असं असतं की रिमोटने गाडी उघडली आणि साधारण अर्ध्या मिनिटात एकही दार उघडलं नाही तर ती आपोआप परत लॉक होते, म्हणजे खिशात चुकून बटण दाबलं गेलं तरी गाडी उघडी राहू नये म्हणून. चांगली सोय आहे. पण दार उघडलं हे किटला कळायला वायर लागते, आणि आमच्या गाडीत ती फक्त पुढच्या दोन दारांना जोडलेली होती. सरकतं दार सताड उघडं असलं तरी किटला वाटतं की कोणी काही उघडलंच नाही. साध्या गाडीत हे कधी लक्षात येणार नाही कारण आपण पुढूनच चढतो, पण कॅम्परमध्ये सगळा वावर मागच्या दारातूनच असतो ना. तर दार उघडं असतानाच लॉकचा खटका पडला होता आणि मी ते फक्त ओढून बंद केलं.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. लेक जागा झाला, अंधार, कोणी नाही, रडायला लागला. आतून दार उघड म्हणून सांगावं तर सरकत्या दाराला चाइल्ड लॉक, ते आम्हीच लावलेलं त्याच्या सेफ्टीसाठी. पुढच्या सीटवर चढून खटका ओढ हे चार वर्षांच्या रडणाऱ्या पोराला काचेतून कसं समजावणार. आई काचेला हात लावून त्याच्याशी बोलत राहिल्या, अंगाईपासून मारुतीस्तोत्रापर्यंत सगळं म्हणून झालं, त्यांच्यामुळे तो शांत राहिला. शेतकरी दादांच्या फोनवरून इन्शुरन्सच्या रोड साईड असिस्टन्सला फोन लावला, रेंज येत जात होती, लागला तेव्हा पॉलिसी नंबर विचारला, तो अर्थात आतल्या फोनमध्ये. मग गाडी नंबरवर शोधलं आणि माणूस यायला चार तास लागतील म्हणाले. शेवटी दादांनीच गावातल्या गॅरेजवाल्या भाऊंना उठवून आणलं, त्यांनी काचेच्या रबरातून पट्टी घालून खटका वर घेतला. देव माणसं दोघंही. रबर फाटलं, ते पावसाळाभर गळत होतं, पण त्याचं काही नाही.

काच का नाही फोडली असं सगळे विचारतात. रात्र होती, गारवा होता, एका काचेला बोटभर फट होती आणि लेक आम्हाला दिसत होता, म्हणून थांबलो. हेच दुपारी उन्हात झालं असतं तर एक मिनिट पण थांबले नसते, बंद गाडी उन्हात फार पटकन तापते, लहान मूल किंवा कुत्रा आत असेल तर काच फोडायचीच. आणि फोडायची तर बाजूची, कोपऱ्यात मारून. पुढची मोठी काच लॅमिनेटेड असते, तडा जातो पण फुटून पडत नाही, तिच्यावर ताकद वाया घालवू नका.

परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी काकांकडे गेले. मला वाटलेलं डुप्लिकेट चावी मागायची, दहा मिनिटांत काम. पण काकांनी आधी विचारलं, "ताई, दुसरी चावी हरवली का?" म्हटलं नाही, घरी कपाटात आहे. "मग तिसरी कशाला?" मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं, आणि मग जे म्हणाले त्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय.

"तुम्हाला गाडी चालवायची चावी नको. तुम्हाला दार उघडायची चावी पाहिजे."

म्हणजे असं. आमची गाडी २०२३ ची, तिला इमोबिलायझर आहे. चावीच्या काळ्या डोक्यात एक बारीकशी चिप असते, तिला बॅटरी लागत नाही, चावी फिरवायच्या जागेभोवती जी रिंग असते तिच्यातूनच तिला करंट मिळतो आणि ती आपला कोड गाडीला सांगते. कोड जुळला तरच इंजिन चालू. चिप नसलेली साधी कापलेली चावी दाराच्या कुलपात फिरते, दार उघडतं, पण गाडी चालू होत नाही. आता गाडीच्या बाहेर कुठेतरी लपवून ठेवायची चावी अशीच असायला हवी ना! समजा कोणाला सापडली तरी तो गाडी घेऊन पळू शकत नाही. सामान जाईल, गाडी जाणार नाही. मी इतकी वर्षं चिपवाली चावी म्हणजे चांगली आणि बिनचिपची म्हणजे स्वस्तातली असंच समजत होते.

चिपवाली चावी करून दिली असती तर काकांना २४०० रुपये मिळाले असते, तो त्यांचाच रेट आहे. त्यांनी २०० रुपयांची चावी दिली. गिऱ्हाईकाला लागतं तेच द्यायचं, हे आता किती ठिकाणी बघायला मिळतं सांगा.

कामाची पद्धत पण बघण्यासारखी. आधी आरसी आणि माझं आधार बघितलं, रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहून सही घेतली. चावीवाल्याने कागद विचारले नाहीत तर तिथून निघून यावं असं माझं मत झालंय, कारण मग तो कोणालाही तुमच्या गाडीची चावी करून देईल. नंतर मी रोजची चावी पुढे केली तर म्हणाले ही नको, कपाटातली आणा. मला घरी परत जावं लागलं, तेव्हा जरा चिडले होते खरं सांगायचं तर. पण कारण बरोबर होतं. मशीनवर एका शिकंज्यात मूळ चावी आणि दुसऱ्यात कोरी चावी लावतात, एक टोक मूळ चावीच्या दातांवरून सरकतं आणि तसंच कटर कोऱ्या चावीवर चालतं. रोजची चावी झिजलेली असली तर झीज पण जशीच्या तशी उतरते. वर मशीनचा थोडा फरक, आणि मग अडचणीच्या वेळी नेमकी तीच चावी अडते. न वापरलेल्या चावीवरून काढलेली चावी पहिल्या फटक्यात फिरली. कापून झाल्यावर ब्रशवर कडा साफ केल्या, कानस फक्त दोनदा लावली, आणि दुकान शेजाऱ्याला बघायला सांगून गाडीपर्यंत चालत आले. पुढची दोन्ही दारं आणि मागचं डिकीचं दार, सगळ्या कुलपांत स्वतः फिरवून बघितली. डिकीच्या दाराचं कुलूप आम्ही कधी चावीने उघडलंच नव्हतं, ते धुळीने घट्ट झालेलं, त्यात ग्रॅफाइटची पावडर मारली. तेल मारू नका म्हणाले, तेलाला धूळ चिकटून वर्षभरात आणखी जाम होतं.

चावी ठेवायला त्यांच्याकडूनच नंबरचं छोटं लॉकबॉक्स घेतलं, ८५० रुपये, चार चक्रांचं, म्हणजे दहा हजार नंबर होतात. मी आधी ऑनलाइन मिळते ती लोहचुंबकाची डबी घेणार होते. काकांनी सांगितलं शहरात ठीक, पण घाटातल्या आणि कच्च्या रस्त्याच्या धक्क्यांनी ती सुटते, आणि ज्या दिवशी हवी असते त्या दिवशी कळतं की ती कधीच पडलीय. हे बॉक्स मागे टोइंगच्या कडीला अडकवलंय, खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. नंबर गाडीच्या नंबर प्लेटवरचा ठेवू नका, मी तोच ठेवत होते, काकांनी हसत हसत हात धरला. आम्ही असा ठेवलाय की आईंना पण झोपेतून उठून आठवेल. हे फार महत्त्वाचं आहे, नंबर फक्त एकालाच माहीत असून उपयोग नाही.

ज्यांच्याकडे बटण स्टार्टची गाडी आहे त्यांच्यासाठी पण मी विचारून ठेवलं. अख्खा स्मार्ट रिमोट बाहेर लपवू नका, तो जवळ असला की गाडीला वाटतं मालक आला, दार उघडतं. त्या रिमोटच्या आत एक बारीक लोखंडी चावी असते, तेवढी कापून घ्या. आणि बहुतेक अशा गाड्यांत दाराला एक तरी कुलूप असतंच, कधी कधी हँडलच्या टोपणाखाली झाकलेलं, ते कुठे आहे हे घरी असतानाच शोधून ठेवा. रिमोटचा सेल संपला तरी तेच कामाला येतं.

डिसेंबरमध्ये केळव्याला बॉक्सची परीक्षा झाली. सुरूच्या झाडांखाली गाडी, सकाळचा चहा चालू, आईंनी पुढचं दार सवयीने खटका दाबून लावलं आणि चावी इग्निशनला तशीच. सगळ्यांचे चेहरे भंडारदऱ्यासारखे झाले. मी वाकले, नंबर फिरवला, चावी काढली, दार उघडलं. चहा उकळून वर यायच्या आत सगळं झालं, आई म्हणाल्या, "एवढंच होतं?" दार चावीने उघडलं तरी सायरन वाजला नाही कारण गाडी रिमोटने लॉक केलेली नव्हती, रिमोटने लॉक असती तर आमच्या किटचा सायरन वाजतो, रिमोट हातात घेऊन बंद करायचा, घाबरायचं नाही.

अर्धा स्टार का कापला तर, एक म्हणजे ते लॉकबॉक्स समुद्राच्या हवेत दोन दिवसांत घट्ट झालं, एक चक्र फिरायला जोर लागला. वरचं रबराचं झाकण पातळ आहे. काकांना दाखवलं तर त्यांनी साफ करून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी जरा जाड झाकणाचं घ्यावं, त्यांच्याकडे आता आहे म्हणाले. दुसरं, पार्किंगची बोंब. चावी दाराला लावून बघायची तर गाडी न्यावीच लागते आणि त्या भागात रविवारी सकाळी दहाच्या आधी गेलात तरच जागा मिळते. फोनवर काम सांगता येत नाही, ते फोन उचलत नाहीत. तिसरं, ते सेंट्रल लॉकच्या वायरिंगला हात लावत नाहीत, ते माझं काम नाही म्हणून स्पष्ट सांगतात. ते मला वेगळ्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं लागलं, सरकत्या दाराला पण वायर जोडून घेतली, त्यामुळे आता दार उघडं असताना गाडी आपोआप लॉक होत नाही. तुमच्याकडे बाहेरून बसवलेलं किट असेल तर आजच बघा, काच खाली ठेवा, दुसरी चावी हातात घ्या, रिमोटने उघडा, फक्त मागचं दार उघडून एक मिनिट नुसतं उभं राहा. खटका पडला तर तुमची गाडी पण आमच्यासारखीच आहे.

नवीन गाडी घेताना मारुतीच्या चाव्यांसोबत नंबर कोरलेला एक छोटा टॅग येतो, तो बऱ्याच जणांकडे रिंगमध्येच लटकत असतो. काकांनी तो काढायला लावला, फोटो काढून घरी ठेवा म्हणाले, त्या नंबरवरून चावी बनते. आणि दोन्ही मूळ चाव्या जपा, गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी दोन्ही मागतात. म्हणून पण बाहेर ठेवायला मूळ चावी वापरू नका.

सोमवारी बंद असतं. जाताना आरसी, आधार आणि कपाटातली न वापरलेली चावी घेऊन जा, म्हणजे माझ्यासारखी दुसरी फेरी पडणार नाही.